हळर्णच्या घरातला तिसरा टेक

आधीच सांगून ठेवते, ही रात्रीची गोष्ट नाही.

अमावास्या नाही, मसणवटा नाही, पांढरी साडी नाही. भर दुपारची आहे. गोव्यात, पेडण्यात नदीच्या काठी, किल्ल्याच्या अंगाला हळर्ण नावाचं गाव आहे, तिथे घडली. थंडीचे दिवस होते. शुक्रवार होता. शुक्रवारी म्हापशाचा बाजार, त्यामुळे निम्मा गाव सकाळच्या बसने बाजाराला गेलेला. वाटेवर चिटपाखरू नव्हतं.

हे लक्षात ठेवा. वाटेवर कोणी नव्हतं.

ज्याच्या बाबतीत घडलं तो जयराम माझा सख्खा मावसभाऊ. त्याच्या तोंडून मी हे चारदा ऐकलंय. माणूस थापा मारत असला की दर वेळी गोष्टीला नवीन शेपूट फुटतं. याच्या सांगण्यातला एक शब्द बदललेला नाही. फक्त शेवटाकडे आला की तो पाणी मागतो. हसायचं असेल त्यांनी खुशाल हसा. मी आता हसत नाही.

जयरामचा धंदा जरा वेगळा आहे. एखादा चित्रकार गेला की त्याच्या चित्रांचं प्रदर्शन भरतं ना, तिथे एका कोपऱ्यात पडदा लावलेला असतो, समोर दोन खुर्च्या, खुर्चीला हेडफोन लटकवलेला. चालून चालून पाय दुखले की लोक तिथे टेकतात. त्या पडद्यावरच्या छोट्या फिल्म जयराम बनवतो. चार मिनिटांत एका माणसाचा अख्खा जन्म दाखवायचा. आमच्या घरात तो पहिल्यापासून अतिशहाणा, त्यामुळे हे काम त्याला बरोबर जमलं.

पणजीच्या एका गॅलरीने त्याला कृष्णनाथांवर फिल्म करायला सांगितली.

कृष्णनाथ म्हटल्यावर पेडण्या-डिचोलीकडची जुनी माणसं लगेच ओळखतील. मेलेल्या माणसांची चित्रं काढायचे ते. पूर्वी घराघरात फोटो कुठले? एखाद्या लग्नाच्या घोळक्यात नखाएवढा चेहरा असायचा. तेवढ्यावरून कृष्णनाथ हातभर चित्र रंगवायचे, आणि बघणाऱ्याला रडू फुटायचं. पलीकडे बांद्यापर्यंत भिंतीभिंतीवर त्यांच्या हातचे आजोबा-आज्या हार घालून बसलेत. आमच्या डिचोलीच्या घरात माझ्या वडिलांचं चित्र त्यांचंच आहे.

त्यांची एक रीत होती. ती मी स्वतः बघितलेली आहे.

सगळं चित्र ते घरून रंगवून आणायचे, पण डोळे कोरे. बाराव्याचं जेवण झालं की चित्र भिंतीला टेकवून समोर बसायचे, बारीक ब्रश हातात घ्यायचे, आणि घरातल्या सगळ्यात जवळच्या माणसाला विचारायचे, "माणूस गेला?"

त्या माणसाने म्हणायचं, "गेला."

असं तीनदा. तिसऱ्यांदा उत्तर आलं की मगच डोळे काढायचे. आमच्याकडे माझ्या आईने उत्तर दिलं होतं. दुसऱ्या वेळी तिचा आवाज फुटला, तर कृष्णनाथांनी ब्रश खाली ठेवला आणि ती सावरेपर्यंत थांबले. कोणाकोणाकडे म्हणे दोनदा म्हणून पुढे शब्दच यायचा नाही. मग ते मुकाट्याने सामान आवरून निघून जायचे आणि पुढच्या आठवड्यात परत यायचे. दोनदा काय, रागातसुद्धा म्हणतात माणसं, असं त्यांचं म्हणणं. तीनदा म्हटलं की मग मागे फिरवता येत नाही.

तर हे कृष्णनाथ एक दिवस डिचोलीकडे एका ट्रक ड्रायव्हरच्या घरी असेच डोळे काढायला निघाले. डिचोलीच्या स्टँडवर उतरले, हे कंडक्टरने सांगितलं. त्या घरी पोचले मात्र नाहीत.

ना देह सापडला, ना पिशवी. खाणीतल्या पाण्यात शोधलं, रानात शोधलं. देवचाराने चकवलं म्हणणारे म्हणाले, कर्नाटकात बघितलं म्हणणारे म्हणाले. अकरा वर्षं गेली.

घरी त्यांची बायको गंगाकाकी आणि मुलगी मालती. मालती तुयेच्या एका कारखान्यात पॅकिंगला जाते, आणि हात अगदी बापाचा. काकी मूळची बांद्याची. अकरा वर्षं तिने कुंकू पुसलं नव्हतं. भावकीतले मागे लागले होते, बारा वर्षं भरली की दर्भाचा पुतळा करून क्रिया उरकून टाकूया. काकी कोणाला जुमानत नव्हती. जयरामने कॅमेऱ्यासमोर विचारलं तेव्हा ती सरळ म्हणाली, "जोवर माज्या तोंडातसून 'गेले' येणा नाय, तोवर ते गेलेले नाय."

म्हणजे बघा, तिच्या हातात तेवढंच उरलं होतं. एक शब्द न बोलणं.

शूटिंग तसं चार दिवसांचंच होतं. जयराम आवाज बघायचा, बाबली कॅमेरा. बाबली म्हणजे जयरामचा शाळेपासूनचा दोस्त, म्हापशाचा, पोटभर खाणारा, कमी बोलणारा. दोघंच. त्या घरात जांभ्याच्या चार पायऱ्या चढून बलकांव, म्हणजे बसायचे कट्टे असलेला ओटा, मग उंबरा, मग सोपा. सोप्यात बसून बोलणं चालायचं.

आता या लोकांच्या कामात एक पद्धत असते. बोलणं रेकॉर्ड करून झालं की सगळ्यांनी गप्प राहायचं आणि एक मिनिट नुसत्या खोलीचा आवाज घ्यायचा. प्रत्येक खोलीला आपला आवाज असतो म्हणे. पुढे दोन वाक्यांच्या मधल्या फटीत तो भरतात.

पहिल्या दिवशी जयरामने सगळ्यांना गप्प केलं, कानाला हेडफोन लावला आणि डोळे मिटले.

कावळा. लांब कुठेतरी पंप. काकीच्या बांगडीचा किणकिणाट.

आणि...

सर्र... टप.

सर्र... टप.

कोणीतरी चालत होतं. एक पाय घासटत. खूप लांब, नदीपलीकडून यावं तसं. जयरामने हेडफोन काढला. काही नाही. परत लावला. सर्र... टप. बाबलीच्या कानाला लावला, तोवर पाऊल थांबलेलं; त्याला कावळाच तेवढा ऐकू आला. जयरामने मनावर घेतलं नाही. खेड्यात माणसं चालायचीच.

दुसऱ्या दिवशी परत खोलीचा आवाज घेतला.

सर्र... टप. आता नदीच्या अलीकडे, शेताच्या बांधावरून.

तिसऱ्या दिवशी तो आवाज घराखालच्या पाणंदीत होता. विहिरीपाशी येऊन थांबला. जयराम जनेलाकडे, म्हणजे खिडकीकडे गेला आणि त्याने गज धरून खाली बघितलं. विहीर दिसत होती. रहाट दिसत होता. दोरीवर बसलेला खंड्यासुद्धा दिसत होता.

माणूस नव्हता.

असेल कोणी म्हातारा, गेला असेल माडांमागून, असं म्हणून त्याने विषय सोडला. त्याच्या डोक्यात तेव्हा दुसरंच घोळत होतं. त्याला फिल्मचा शेवट सापडत नव्हता.

आणि त्याच संध्याकाळी मालतीने कपाटामागून चादरीत गुंडाळलेलं एक चित्र काढून दाखवलं.

कृष्णनाथांनी स्वतःचं काढलेलं. काळे केस, बारीक मिशी, शर्टाचं वरचं बटण लावलेलं. डोळे कोरे. काढलं तेव्हा थट्टेने म्हणाले होते म्हणे, हे डोळे मालू काढणार, मी गेल्यावर.

जयरामच्या तोंडाला पाणी सुटलं.

शेवट मिळाला होता. बापाच्या चित्रात मुलगी डोळे भरते. बाप ज्या रीतीने विचारायचा तसंच विचारते, आई उत्तर देते, आणि पडदा काळा होतो. गॅलरीतल्या बायका रुमाल काढतील, असं त्याने मनाशी ठरवूनच टाकलं. त्याच्यावर मला अजून राग आहे तो इथला. अरे, समोर एक जिवंत बाई बसली आहे, तिने अकरा वर्षं दातांखाली धरून ठेवलेला शब्द तुला पडद्यासाठी हवा?

काकीने आधी साफ नाही म्हटलं. मालतीने मात्र चित्र परत कपाटामागे ठेवलं नाही. रात्री दोघी मायलेकी बराच वेळ बोलल्या असाव्यात. मालतीचं लग्न राहिलं होतं, वय चाललं होतं, आणि दारात कोणी आलं की आई आधी वाटेकडे बघायची, मग येणाऱ्याकडे. मालतीला या वाट बघण्याचा वीट आला होता. तसं ती नंतर माझ्याजवळच बोलली.

शुक्रवारी सकाळी जयरामने काकीला समजावलं. सगळी रीत करायची नाही, मालती एकदाच विचारेल, तुम्ही एकदाच म्हणायचं. तीनदा घेतलं तर सीन लांबतो. आणि हे फक्त शूटिंगपुरतं, काकी. खरं थोडंच आहे?

काकीने विचार केला. एकदा म्हणजे तीनदा नव्हे. नवऱ्याच्याच हिशेबाने ते धरण्यासारखं नव्हतं. लेकीच्या तोंडाकडे बघितलं आणि ती हो म्हणाली.

दुपारचं जेवण झालं. गाव बाजाराला गेलेलं. चित्र भिंतीला टेकवून ठेवलं. मालती समोर बसली, बापाचा ब्रश हातात. बाजूला काकी. तिच्या मागे उघडं दार, उंबरा, बलकांव आणि वरची पायरी, एवढं सगळं बाबलीच्या कॅमेऱ्यात येत होतं. उजेडही छान होता.

टेक पहिला.

"माणूस गेला?"

काकीचे ओठ हलले, पण आवाज यायला वेळ लागला. "गेले."

आणि नेमका त्याच वेळी रस्त्यावरून चिऱ्यांचा टेंपो हॉर्न मारत गेला.

"कट," जयराम म्हणाला. "परत एकदा."

टेक दुसरा.

मालतीने विचारलं. काकी पदराची कड बोटाला गुंडाळत होती. तिने खालीच बघून म्हटलं, "गेले."

आणि जयरामच्या कानात...

सर्र... टप.

अंगणात.

सर्र... टप. सर्र... टप.

पायऱ्यांवर. एक पायरी. दुसरी. दगडावर पाय घासटल्याचा आवाज इतका स्वच्छ की त्याला वाटलं, कोणी शेजारी आला. मग वरच्या पायरीवर आवाज थांबला. चपला काढून ठेवल्याचा आवाज झाला. एक... दोन. घरात शिरण्याआधी आपण काढतो तशाच.

"कट!" जयराम वैतागून ओरडला. "कोण आलं आता?"

हेडफोन टाकून तो तरातरा दाराशी गेला, उंबरा ओलांडून बलकांवावर उभा राहिला. अंगण रिकामं. पाणंद रिकामी. कुत्रंसुद्धा नव्हतं. त्याने लांबवर वाटेकडे बघितलं. पायाखाली पायरीवर बघितलं का? आजपर्यंत त्याला आठवत नाही.

तो आत आला. टेंपो नाही, माणूस नाही, आता लगेच घेऊन टाकूया म्हणाला.

काकी हलली नाही. "दोनदा झालं," ती म्हणाली.

"काकी, ते दोन धरायचे नाहीत," जयरामने सांगितलं. "ते रद्द. आमच्यात चांगला झाला तोच टेक खरा."

काकी मान वळवून दाराकडे बघत राहिली. का, कोण जाणे. तिच्या कानाला तर हेडफोन नव्हता. मालती हळूच म्हणाली, आई, संपवूया आता. काकीने मान परत सरळ केली.

टेक तिसरा.

"माणूस गेला?"

"गेले."

या वेळी आवाज स्वच्छ आला. मालतीने ब्रश टेकवला. आधी डावा डोळा, मग उजवा. बाबली कॅमेऱ्यामागून नुसता अंगठा वर करून दाखवत होता.

शेवटी जयरामने नेहमीप्रमाणे सगळ्यांना गप्प करून खोलीचा आवाज घ्यायला हेडफोन लावला.

काही नव्हतं.

म्हणजे पाऊल नव्हतं एवढंच नाही. कावळा नव्हता. पंप नव्हता. माडाची झावळी हलत होती, जनेलातून दिसत होती, तिचा आवाज नव्हता. जयरामने यंत्राची वायर हलवून बघितली. यंत्र ठीक होतं. ते मिनिट संपलं, त्याने हेडफोन काढला, आणि कावळा बाहेर ओरडत होता.

सामान आवरताना त्याने चित्राकडे बघितलं. कृष्णनाथांच्या चित्रातले डोळे नेहमी बघणाऱ्याकडे बघतात. आमच्या वडिलांचे बघतात. हे डोळे बघणाऱ्याकडे बघत नव्हते. बाजूला, दाराकडे वळलेले होते. मालती म्हणाली, मी सरळच काढले होते रे. सामान उचलून ते दोघं मागच्या दाराने गाडीकडे गेले, गाडी तिकडे लावली होती म्हणून.

संध्याकाळी दोघं म्हापशाला भाजीपाव खात असताना फोन वाजला. गंगाकाकी.

"जयराम, तुमच्यातल्या कोणाच्या तरी चपला रवल्यात रे पायरीवर."

जयरामने आपल्या पायांकडे बघितलं. मग बाबलीच्या. दोघांच्याही पायात बूट होते, सकाळी मागच्या दारात काढून ठेवलेले तेच.

असू देत काकी, सोमवारी बघतो, असं म्हणून त्याने फोन ठेवला. हातातला पाव त्याने परत बशीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालतीचा फोन आला. ती एवढंच म्हणाली, "बाबा मिळाले."

जयरामला क्षणभर आनंदच झाला. पुढे ती बोलेना तेव्हा त्याला समजलं.

घराखाली नदीकाठी, माडाला टेकून बसलेले. मांडीवर ब्रशांची पिशवी. पाय अनवाणी. तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढायला गेलेल्या माणसाला पहाटे दिसले. त्याला वाटलं, कोणी बसलंय, म्हणून त्याने हाकसुद्धा मारली.

आता नीट ऐका. कृष्णनाथ गेले तेव्हा त्यांचे केस काळे होते. सापडले त्या माणसाचे पिकून पांढरे झाले होते. गाल बसले होते, दाढी वाढली होती. म्हणजे ही अकरा वर्षं तो माणूस कुठेतरी होता, म्हातारा होत होता. सरकारी डॉक्टरांनी तपासलं. मार नाही, विष नाही, पोटात पाणी नाही. मृत्यू आदल्या दिवशी दुपारी.

आदल्या दिवशी दुपारी.

डोळे उघडे होते. मालतीने मिटायचा प्रयत्न केला, मग भटजींनी केला. ते मिटले नाहीत. तसंच नेलं त्यांना.

पायरीवरच्या चपला मालतीने हातात घेऊन उलट्या केल्या. उजव्या चपलेचा पुढचा भाग झिजून पार पातळ झालेला. शिडीवरून पडल्यापासून तिचे बाबा उजवा पाय ओढत चालायचे. सर्र... टप. लहानपणी या आवाजावर ती दार उघडायला पळायची. हे तिने जयरामला तेव्हा सांगितलं. आधी सांगायचा प्रश्नच आला नव्हता, कारण त्याने कधी विचारलंच नव्हतं.

तुम्ही म्हणाल, यात भूत कुठे आहे? बिचारा कुठून तरी घरी आला, दारातून बघितलं, तर आत आपलंच चित्र मांडलेलं, बायको म्हणतेय गेले, मुलगी डोळे भरतेय. बसला असेल धक्का. गेला असेल नदीवर. मी पण जयरामला हेच म्हटलं. हे काय कमी वाईट आहे?

मग त्याने मला फिल्म दाखवली.

चूक आधी बाबलीला सापडली होती. पहिल्या आणि तिसऱ्या टेकमधला फरक शोधायची त्यांना सवयच असते, वस्तू इकडची तिकडे झालेली चालत नाही. पहिल्या टेकमध्ये काकीच्या मागे वरची पायरी रिकामी आहे. तिसऱ्या टेकमध्ये त्या पायरीवर चपलांची जोडी आहे. नीट लावून ठेवलेली.

आणि मधला, दुसरा टेक. मी माझ्या डोळ्यांनी बघितलाय. कॅमेरा हललेला नाही. सोपा, दार, उंबरा, पायरी, सगळं लख्ख उन्हात दिसतं. कानात पाऊल अंगणातून येतं, पायऱ्या चढतं, चपला काढल्याचा आवाज होतो.

पायरीवर कोणी नाही.

कट म्हटल्याबरोबर बाबलीने कॅमेरा बंद केलेला. पुढचं काहीच नाही.

आधीच्या तीन दिवसांचे खोलीचे आवाजही मी ऐकले. नदीपलीकडे, बांधावर, विहिरीपाशी. रोज थोडं जवळ. चालत्या माणसाला नदीपासून त्या घरापर्यंत यायला एवढे दिवस लागत नाहीत हो.

जयरामने तो सीन काढून टाकला. फिल्म तशीच लंगडी शेवटाला नेली आणि गॅलरीला दिली. शिगम्याच्या आधी प्रदर्शन उघडलं. लोकांनी घराघरातून आपली माणसं भिंतीवरून उतरवून पाठवली होती, आमचे वडीलही गेले होते, म्हणून मी पण पणजीला गेले. तिथे गंगाकाकी आली, मालतीबरोबर. कपाळ मोकळं.

ती चित्रं बघायला आलीच नव्हती. जयरामकडे गेली आणि म्हणाली, माका ऐकव. मालतीने तिला सांगितलं होतं. जयरामने हातापाया पडून बघितलं, काकी नको. ती नुसती उभी राहिली. शेवटी मागच्या खोलीत त्याने लॅपटॉप उघडला आणि हेडफोन तिच्या कानाला लावला. मी दाराशी होते.

तिने डोळे मिटले. बराच वेळ काही नाही. मग तिचा चेहरा एकदम उजळला. खोटं नाही सांगत, एखाद्या पोरीसारखी हसली ती. बोटाने मांडीवर ठेका धरला... घासून एक, आपटून एक. पावलाबरोबर. ठेका वाढत गेला, पायऱ्यांवर आला, थांबला.

मग हेडफोनमधून बाहेर मलासुद्धा ऐकू आलं, जयरामचाच वैतागलेला आवाज. कट! कोण आलं आता?

काकीचं हसू गेलं.

तिने हेडफोन काढून मेजावर ठेवला. जयरामकडे बघितलं. राग नव्हता तिच्या डोळ्यांत. राग असता तर बरं झालं असतं, असं तो अजून म्हणतो.

"दोनदाच म्हटलं होतं मी," ती म्हणाली. "तोवर ते दारात होते रे."

जयरामने लॅपटॉप मिटला.

त्यानंतर त्याने मेलेल्या माणसांवर फिल्म करणं सोडलं. आता लग्नांचे व्हिडिओ करतो. कृष्णनाथांचं चित्र काकीकडे परत गेलं. बाकीची भिंतीवर, हे मात्र तिने सोप्यात कदेलावर, म्हणजे खुर्चीवर ठेवलंय, दाराकडे तोंड करून. मालती म्हणते, डोळे आता सरळ बघतात.

आमच्या वडिलांचं चित्रही परत आलं. आईने ते खिळ्याला लावलं आणि हार घातला. मी बघत होते. मला तो बाराव्याचा दिवस आठवला. आई तीनदा म्हणाली होती, कृष्णनाथ ब्रश धरून बसले होते, आम्ही सगळी चित्राकडे टक लावून होतो.

दाराकडे पाठ होती आमची. सगळ्यांची.